वॉलमार्ट, अ‍ॅमेझॉन, ईबे आणि अ‍ॅलेक: ग्राहकांच्या दबावाने सुटलेली सभासदत्वं आणि मागे राहिलेली कामं

अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात वीज कंपन्यांवरची पवन आणि सौर विजेची सक्ती काढून टाकणारं विधेयक येतं, तेव्हा त्यामागे कोळशाची कंपनी असेल असंच कुणालाही वाटतं. पण ते विधेयक जिथे शिजलं त्या संस्थेच्या वर्गणीदारांत जुने कॅमेरे आणि कपडे विकायची सोय करून देणारी ईबेसारखी कंपनीही होती. ग्राहकांना याचा पत्ता नव्हता. पत्ता लागल्यावर त्यांनी काय केलं, कोणती कंपनी कधी बाहेर पडली आणि बाहेर पडूनही नेमकं काय बदललं नाही, ते या प्रकरणात पाहू. काळ मुख्यतः २०११ ते २०१५. संस्थेचं नाव अमेरिकन लेजिस्लेटिव्ह एक्स्चेंज कौन्सिल, थोडक्यात अ‍ॅलेक.

संस्था चालते कशी

अ‍ॅलेकची स्थापना १९७३ची. राज्यांचे आमदार आणि कंपन्यांचे प्रतिनिधी तिथे एकाच टेबलाशी बसतात. त्या काळात आमदाराची वर्गणी वर्षाला ५० डॉलर होती. कंपनीची ७,००० ते २५,००० डॉलर, आणि एखाद्या विषयाच्या समितीत बसायचं तर तिचे पैसे वेगळे. उत्पन्नातला आमदारांच्या वर्गणीचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत. कागदावर ही आमदारांची संघटना असली तरी घर चालतं ते कंपन्यांच्या आणि देणगीदारांच्या पैशावर.

समितीत आमदार आणि कंपन्या स्वतंत्रपणे मतदान करतात. दोन्ही बाजूंनी मसुदा मंजूर झाला की तो संचालक मंडळाकडे जातो आणि मग ‘नमुना विधेयक’ बनतो. त्यात राज्याच्या नावाची जागा मोकळी असते. आमदार घरी जातो, मोकळ्या जागेत आपल्या राज्याचं नाव भरतो आणि विधेयक स्वतःचं म्हणून मांडतो. मसुद्याला कुठल्या कंपनीने हात लावला हे सभागृहातल्या कागदावर कुठेच येत नाही.

करांच्या दृष्टीने अ‍ॅलेक धर्मादाय संस्था आहे, म्हणजे तिला दिलेल्या पैशावर करसवलत मिळते. कॉमन कॉज या संघटनेने एप्रिल २०१२ मध्ये यावरच बोट ठेवलं आणि करखात्याकडे तक्रार केली: हे लॉबिंग, म्हणजे कायदे करणाऱ्यांवर प्रभाव टाकणं आहे, धर्मादाय काम नव्हे.

जुलै २०११ मध्ये सेंटर फॉर मीडिया अँड डेमोक्रसी या निगराणी संस्थेने अ‍ॅलेकची ८००हून अधिक नमुना विधेयकं उघड केली. पुढचं सगळं यामुळे शक्य झालं. तोवर आरोप करता येत होता, पुरावा दाखवता येत नव्हता. आता नमुना एका बाजूला आणि राज्यातलं विधेयक दुसऱ्या बाजूला ठेवून ओळ न् ओळ ताडता येऊ लागली.

आता प्रश्न असा की किरकोळ विक्रीच्या कंपन्या तिथे कशाला गेल्या? कोळशासाठी नक्कीच नाही. त्यांना रस होता विक्रीकरात आणि दुकानांवरच्या, गोदामांवरच्या नियमांत. ऑनलाइन खरेदीवर राज्यांनी कर कसा आणि कुणाकडून घ्यायचा हा त्या वर्षांतला मोठा वाद होता. पण मूळ वर्गणी विषयवार वेगळी पडत नाही. कराच्या समितीसाठी आलेली कंपनी ऊर्जा समितीचं छप्परही धरून ठेवते. ग्राहकांच्या मोहिमेने पकडलं ते हेच.

पहिली लाट: हवामानाचा विषय नसताना उघडलेलं दार

ही मोहीम हवामानावर सुरू झाली नाही, आणि हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. कलर ऑफ चेंज ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणारी संघटना. मतदार ओळखपत्राच्या कायद्यांमुळे गरीब आणि कृष्णवर्णीय मतदार गळतात, आणि त्या कायद्यांचा नमुना अ‍ॅलेकचा, हा तिचा मुद्दा होता. तिने २०११ पासून कंपन्यांशी आधी खासगीत बोलणी केली: तुमची वर्गणी इथे जाते, हे तुम्हाला माहीत आहे का? पेप्सीने जानेवारी २०१२ मध्ये गाजावाजा न करता सभासदत्व पुढे चालू ठेवलं नाही.

२६ फेब्रुवारी २०१२ला फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या मुलाला गोळी घालून मारण्यात आलं. जिवाला धोका वाटला तर मागे न हटता गोळी चालवण्याची मुभा देणाऱ्या फ्लोरिडाच्या कायद्याचा अ‍ॅलेकने नमुना करून इतर राज्यांत पसरवला होता. ४ एप्रिलला कलर ऑफ चेंजने कोका-कोलाविरुद्ध उघड हाक दिली आणि काही तासांत कोका-कोला बाहेर पडली. मग क्राफ्ट, मॅकडोनाल्ड्स, वेंडीज, मार्स अशी रांग लागली. १७ एप्रिलला अ‍ॅलेकने सार्वजनिक सुरक्षा आणि निवडणुका पाहणारी समितीच बंद केली.

ऊर्जा आणि पर्यावरणाची समिती मात्र चालूच राहिली. ज्या मागणीवर दबाव होता तेवढंच सुटलं.

मोठ्या विक्रेत्यांचा नंबर मे महिन्यात लागला, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा मे-जूनमध्ये होतात. २४ मे २०१२ला सिएटलमध्ये अ‍ॅमेझॉनची सभा होती. बाहेर निदर्शक, हातात सह्यांचे गठ्ठे. त्यांचे मुद्दे एकाहून जास्त होते: अ‍ॅलेक, कर आणि गोदामातला उकाडा. आदल्या वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या गोदामात उष्णतेने कामगार कोसळत होते, हे तिथल्या वर्तमानपत्राने छापलं होतं. कंपनीने त्या दिवशी अ‍ॅलेकचं सभासदत्व पुढे चालवणार नसल्याचं जाहीर केलं आणि गोदामं थंड ठेवण्यासाठी ५.२ कोटी डॉलर खर्चाचंही सांगितलं. दोन मागण्यांची उत्तरं एका सभेत मिळाली, कारण त्या दिवशी मौन महाग पडलं असतं.

वॉलमार्टचं पत्र

३० मे २०१२चं वॉलमार्टचं पत्र अशा मोहिमा करणाऱ्या प्रत्येकाने शब्द न् शब्द वाचावं. कंपनीची अधिकारी अ‍ॅलेकच्या कंपन्यांच्या मंडळावर बसत होती, म्हणजे नातं साधं नव्हतं. पत्राचा आशय असा: मुक्त बाजारपेठेच्या मूळ उद्देशापासून दूर जाणाऱ्या विषयांत संस्था पडते आहे, याबद्दल आम्ही आधीही चिंता कळवली होती. आता ही कामं आणि आमचा व्यवसाय यांतलं अंतर फार वाढलं आहे, म्हणून आम्ही सभासदत्व स्थगित करत आहोत.

‘स्थगित’. राजीनामा नव्हे. कारण म्हणून एकाही कायद्याचं नाव नाही. मतदानाचं नाही, बंदुकीचं नाही, विजेचं तर नाहीच. ग्राहकाला वाटावं की आपलं ऐकलं, आणि संस्थेला कळावं की दार ओढून घेतलंय पण कडी लावलेली नाही, अशी ही भाषा आहे. मोहिमेने त्या वेळी विजय जाहीर केला आणि पुढच्या कंपनीकडे वळली. आमच्या मते इथे चूक झाली. आणखी दोन वाक्यं मागायला हवी होती: हे सभासदत्व कोणत्या अटीवर पुन्हा सुरू होईल, आणि ते सुरू केलंत तर जाहीर कराल का?

अ‍ॅलेकने दाराची फट बरोबर ओळखली. डिसेंबर २०१३ मध्ये ‘द गार्डियन’ने संस्थेची अंतर्गत कागदपत्रं छापली. त्यांत ‘उधळ्या पुत्र’ नावाची योजना होती: बायबलातल्या त्या मुलासारखं घर सोडून गेलेल्या ४१ कंपन्यांना परत आणायचं. यादीत अ‍ॅमेझॉन, वॉलमार्ट, कोका-कोला, मॅकडोनाल्ड्स. त्याच कागदांवरून कळलं की साठच्या घरात कंपन्या आणि सुमारे ४०० आमदार संस्थेपासून दूर झाले होते, आणि २०१३च्या पहिल्या सहा महिन्यांचं उत्पन्न अंदाजापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी होतं. एका कंपनीची वर्गणी कितीशी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. वर्गणी फार तर २५,००० डॉलरची असायची, पण कंपनी गेली की परिषदांचं प्रायोजकत्व जातं आणि आमदाराला तिथे येण्याचं निमित्तही जातं.

दुसरी लाट: आता विषय हवामानाचाच

ऑक्टोबर २०१२ मध्ये अ‍ॅलेकच्या मंडळाने एक नमुना विधेयक मंजूर केलं. विजेतला ठरावीक वाटा अक्षय ऊर्जेतून घ्यायची जी सक्ती राज्यांनी वीज कंपन्यांवर घातली होती, ती रद्द करायची. नाव होतं ‘वीज स्वातंत्र्य कायदा’. मूळ मसुदा हार्टलँड इन्स्टिट्यूटचा, हवामानशास्त्रावर शंका पसरवण्यात वर्षानुवर्षं पुढे असलेल्या संस्थेचा. २०१३ मध्ये उत्तर कॅरोलिना आणि कॅन्ससमध्ये असे प्रयत्न फसले. ओहायोने मात्र २०१४ मध्ये आपली सक्ती दोन वर्षांसाठी गोठवली. डिसेंबर २०१३ मध्ये अ‍ॅलेकच्या एका विश्लेषकाने छतावर सौर पॅनेल लावणाऱ्या घरमालकांना वीजजाळ्यावरचे ‘फुकटे’ म्हटलं आणि तेही छापून आलं. या एका शब्दाने मोहिमेला सामान्य घरं जोडून दिली.

आता ऑनलाइन कंपन्यांची पाळी होती. त्या स्वतःच्या डेटा सेंटरसाठी सौर आणि पवन वीज घेत होत्या आणि तसं अभिमानाने सांगतही होत्या. वर्गणी मात्र ती वीज अडवणाऱ्या संस्थेला जात होती. ही विसंगती एका वाक्यात सांगता येते, म्हणून ती चालली. सप्टेंबर २०१४च्या सुरुवातीला अनेक संघटनांनी गूगलला एकत्र पत्र लिहिलं. २२ सप्टेंबरला गूगलचे एरिक श्मिट एका रेडिओ कार्यक्रमात बोलत होते. एका श्रोत्याने फोन लावून थेट विचारलं: तुम्ही अजून अ‍ॅलेकला पैसे देता का? श्मिट म्हणाले की ती चूक होती असं कंपनीतलं मत आहे, आणि हवामानबदल नाकारणारे लोक चक्क खोटं बोलत आहेत, त्यांच्यासोबत आपण असू नये.

त्या प्रश्नात भाषण नव्हतं, आकडेवारी नव्हती. एका संस्थेचं नाव, एक क्रियापद आणि उत्तर देणारा माणूस थेट प्रसारणात. वर्षभराच्या सह्यांनी जे वजन तयार केलं होतं ते त्या एका फोनमधून पडलं. पुढच्या काही दिवसांत फेसबुक, याहू आणि दुकानं-हॉटेलांचे अभिप्राय छापणाऱ्या येल्पनेही अंतर जाहीर केलं. ईबेने डिसेंबर २०१४ मध्ये सभासदत्व सोडलं.

मार्च २०१५ मध्ये अ‍ॅलेकच्या वकिलांनी कॉमन कॉज आणि लीग ऑफ कॉन्झर्व्हेशन व्होटर्स ही पर्यावरणवादी संघटना यांना नोटिसा पाठवल्या: आम्ही हवामानबदल नाकारतो असं म्हणणं थांबवा. मोहीम करणाऱ्यांसाठी हा पाठ कामाचा आहे. ‘नाकारतात’ हा शब्द भांडणाचा, त्यावर वकील उभा करता येतो. ‘अमुक तारखेला अक्षय ऊर्जेची सक्ती रद्द करणारा मसुदा मंजूर केला’ या वाक्यावर नोटीस काढता येत नाही. त्याच महिन्यात बीपी आणि ऑगस्टमध्ये शेलही बाहेर पडली. शेलने तर संस्थेची हवामानाबाबतची भूमिका आमच्या भूमिकेशी जुळत नाही, असं कारण स्पष्ट दिलं. तेलाची कंपनी जे वाक्य लिहू शकली, ते २०१२ मध्ये वॉलमार्टकडून मागून घेता आलं असतं.

विक्रेत्यावर दबाव का चालतो, आणि तो कसा आणायचा

कोळशाच्या कंपनीला ग्राहक दिसत नाही, ती वीज कंपनीला माल विकते. दुकानदार कंपनीचं नाव पिशवीवर असतं आणि समोरच्या रस्त्यावर दुसरं दुकान असतं. शिवाय अशा संस्थेतून तिला मिळणारा फायदा एखाद्या कराच्या कलमापुरता. थोडा फायदा, मोठी बदनामी, असा हिशेब मांडून दाखवला की व्यवस्थापन पटकन हलतं.

आधी सभासदत्व सिद्ध करावं लागतं. परिषदांच्या कार्यक्रमपत्रिकांवरची प्रायोजकांची नावं, समित्यांच्या उपस्थितीच्या याद्या, कंपनीच्या संकेतस्थळावरचं राजकीय खर्चाचं पान, या तिन्हींतून किमान दोन पुरावे हवेत आणि दोन्हींवर तारीख हवी. येल्पसारखी कंपनी ‘आम्ही आधीच सोडलं होतं’ म्हणाली की जुन्या यादीवरची मोहीम तोंडघशी पडते. राजकीय खर्चाच्या पानावर आणखी एक खाच असते. अनेक कंपन्या ठरावीक रकमेच्या वरच्याच वर्गण्या दाखवतात, आणि त्यांतलाही लॉबिंगला गेलेला, करसवलत न मिळणारा भागच. अ‍ॅलेकसारखी धर्मादाय नोंदणीची संस्था त्या रकान्यात येतच नाही. म्हणून त्या पानावर नाव नाही याचा अर्थ सभासदत्व नाही, असा होत नाही.

मग खासगी पत्र, उत्तरासाठी चार ते सहा आठवडे, आणि त्यानंतरच उघड मोहीम. पत्रात तीन प्रश्न पुरतात. या संस्थेला गेल्या आर्थिक वर्षात वर्गणी, समितीशुल्क आणि प्रायोजकत्व मिळून किती रक्कम दिली? अमुक मसुद्यावर तुमच्या प्रतिनिधीने मत दिलं का, आणि काय? तुमच्या जाहीर हवामान धोरणाशी ते जुळतं का, आणि नसेल तर कोणत्या तारखेपर्यंत सोडाल? तिसऱ्या प्रश्नातली तारीख सर्वांत महत्त्वाची. सभासदत्व साधारण वर्षभराचं असतं, आणि ‘नूतनीकरण करणार नाही’ म्हणणं राजीनाम्यापेक्षा कंपनीला सोपं जातं. तेही चालेल, पण महिना लिहून घ्यावा.

सह्यांचा आकडा मोठा असला की झालं, असा समज आहे. कंपनी पाहते ती सही करणारा आपला ग्राहक आहे का ते. सदस्य क्रमांक किंवा शेवटच्या खरेदीचा महिना लिहिलेली हजार पत्रं नुसत्या लाखभर क्लिकपेक्षा वजनदार ठरतात. बहिष्काराची धमकी शेवटी ठेवावी. ती दिली आणि विक्रीवर काही दिसलं नाही, तर पुढच्या वेळी पत्राला उत्तरही येत नाही.

भागधारकांचा रस्ता वेगळा. त्या काळात अमेरिकेत २,००० डॉलरचे शेअर वर्षभर धरले असले की ५०० शब्दांच्या आत ठराव मांडता येत असे. २०२०च्या बदलाने त्याच रकमेसाठी तीन वर्षं थांबावं लागतं. ठराव पोहोचवायची मुदत आदल्या वर्षीच्या सभेचे कागद ज्या तारखेला निघाले ती तारीख यंदा येते त्याच्या १२० दिवस आधीची, म्हणजे मेच्या सभेसाठी नोव्हेंबर-डिसेंबर. हे चुकलं की वर्ष गेलं.

जे निसटलं

वॉलमार्ट आणि अ‍ॅमेझॉन अ‍ॅलेकमधून बाहेर होत्या. २०२१च्या शरद ऋतूत अमेरिकी संसदेपुढे त्या देशातलं तोवरचं सर्वांत मोठं हवामान पॅकेज होतं आणि त्याचा खर्च कंपन्यांवरचा कर वाढवून भागणार होता. बिझनेस राउंडटेबल ही बड्या कंपन्यांच्या प्रमुखांची संघटना त्या करवाढीविरुद्ध जोर लावत होती. तिचे त्या वर्षीचे अध्यक्ष वॉलमार्टचे तेव्हाचे प्रमुख डग मॅकमिलन. सभासदांत अ‍ॅमेझॉनचे अँडी जॅसी. अ‍ॅमेझॉनने २०१९ मध्येच २०४० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची प्रतिज्ञा केली होती. आणि राउंडटेबलनेही २०२० मध्ये कार्बनला किंमत लावण्याच्या बाजूने कौल दिला होता.

हे प्रकरण अ‍ॅलेकपेक्षा अवघड, कारण इथे कुणी विज्ञान नाकारत नव्हतं. हवामानाला हो, त्याच्या पैशाला नाही, अशी भूमिका होती. एकाच संस्थेचं नाव घेऊन केलेली मोहीम इथे अपुरी पडते. म्हणून आता मागणी बदलावी लागते: कंपनीने आपली सगळी सभासदत्वं दरवर्षी हवामान धोरणाशी ताडून पाहावीत, प्रत्येकीसमोर जुळतं, अंशतः जुळतं, जुळत नाही असं लिहावं, आणि न जुळणाऱ्यांबाबत काय केलं ते छापावं. ‘आत राहून बदल घडवतो’ हे उत्तर आलं तर कोणत्या बैठकीत, कोणत्या मसुद्यावर वेगळं मत नोंदवलं, हे विचारावं.

मुंबईतल्या भागधारकासाठी

भारतात लॉबिंगचा स्वतंत्र कायदा नाही, पण एक कागद मात्र हाताशी आहे. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल, म्हणजे बीआरएसआर, सक्तीचा केला आहे. त्यातलं सातवं तत्त्व धोरणांवर प्रभाव टाकण्याबद्दलचं आहे. कंपनी किती व्यापारी आणि औद्योगिक संघटनांची सभासद आहे तो आकडा आणि त्यांतल्या प्रमुख दहांची नावं तिथे द्यावीच लागतात. डीमार्ट चालवणारी अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स आणि वेस्टसाइड, झुडिओवाली ट्रेंट या दोन्ही मुंबईच्या कंपन्या या नियमाखाली येतात. रिलायन्स रिटेल स्वतः नोंदणीकृत नाही, त्यामुळे तिथे मूळ कंपनीचा अहवाल पाहावा लागतो.

ठराव मांडणं इथे छोट्या भागधारकाच्या आवाक्याबाहेरचं आहे. कंपनी कायद्यानुसार मताधिकार असलेल्या भांडवलाचा दहावा हिस्सा पाठीशी लागतो. प्रश्न विचारायला मात्र एक शेअरही पुरतो. सभा बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये असतात, आणि सभेच्या सूचनेत दिलेल्या मुदतीत वक्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात.

सातव्या तत्त्वाखाली आणखी एक तक्ता असतो: कंपनीने कोणत्या धोरणाची बाजू घेतली, ती कोणत्या मार्गाने मांडली, ती माहिती लोकांसाठी खुली आहे का आणि संचालक मंडळ तिचा आढावा किती वेळा घेतं. हा तक्ता ऐच्छिक आहे, कंपनी तो सोडून देऊ शकते. सभेतला प्रश्न त्याच तक्त्यावर विचारावा: वरच्या यादीतल्या दहा संघटनांपैकी कुणी गेल्या वर्षी वीज, प्लास्टिक किंवा उत्सर्जनाच्या नियमांवर सरकारला निवेदन दिलं, आणि त्या निवेदनाला आपल्या कंपनीची संमती होती का?